कोषात मेंदू विरघळत नाही

कढीपत्त्याच्या कुंडीतली पानं कडेने कुरतडलेली दिसली, की अळी शोधून फेकून द्यायची आपल्याला घाई होते. त्याआधी एकदा तिला हलकेच बोट लावून पाहावं. हिरवीगार, करंगळीएवढी अळी मान वर उचलते आणि डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते. उग्र वास सुटतो. लिंबाच्या फुलपाखराची ही अळी. पुढे ती कमरेभोवती रेशमी धाग्याचा पट्टा घालून फांदीला टेकते, तिचा कोष होतो आणि त्यातून काळ्या-पिवळ्या पंखांचं फुलपाखरू निघतं. त्याला बोट लावायला जावं, तर ते उडून जातं. शिंग नाही, वास नाही.

कोषात अळीचं पाणी होतं आणि त्या पाण्यातून फुलपाखरू घडतं, असं आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असतं. स्नायू आणि आतडं यांच्या बाबतीत त्यात बरंच तथ्य आहे. चेतासंस्थेच्या बाबतीत मात्र ते खरं नाही. अळीचा मेंदू आणि पोटाच्या बाजूने मण्यांच्या माळेसारखा जाणारा चेतारज्जू कोषातही शाबूत असतो. माळ आखडते, काही मणी एकमेकांत मिसळतात, पण ती तुटत नाही. आतल्या अनेक चेतापेशी अळीत होत्या त्याच असतात. त्यांचं काम मात्र बदलतं.

हे काम बदलणं सर्वांत बारकाईने पाहिलं गेलं ते अमेरिकेत, तंबाखूच्या पानांवर वाढणाऱ्या मँड्युका नावाच्या पतंगात. जेम्स ट्रुमन आणि लिन रिडिफर्ड या जोडीने त्यावर अनेक वर्षं खर्च केली. या अळीला पोटाखाली मांसल पाय असतात, त्यांनी ती देठ घट्ट धरते. कोष होताना हे पाय नाहीसे होतात. त्यांना हलवणाऱ्या चेतापेशी आपल्या फांद्या आखडून घेतात. काही तिथेच मरतात, काही जगतात आणि नव्या स्नायूला जोडल्या जातात. छातीतली एक चेतापेशी अळीत सरपटण्याचा संथ स्नायू चालवते. कोषात तिच्या जुन्या फांद्या झडतात, नव्या फुटतात आणि पतंगात तीच पेशी पंखांचा बलदंड स्नायू चालवते. सरपटणं आणि उडणं, दोन्हींचा हुकूम एकाच पेशीकडून!

याच पतंगातली आणखी एक गोष्ट मला चटका लावते. कोष फोडून बाहेर येण्यासाठी पोटाचे काही स्नायू लागतात. पतंग बाहेर आला की ते स्नायू विरून जातात आणि पुढच्या काही दिवसांत पोटाच्या भागातल्या जवळजवळ निम्म्या प्रेरक चेतापेशी मरतात. त्यांचं काम तेवढंच होतं.

हा सगळा फेरफार घडवतं एक संप्रेरक, एक्डायसोन. ते शुद्ध स्वरूपात मिळवायला बुटेनांट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांना 500 किलो रेशीमकिड्यांचे कोष लागले. 1954 मध्ये हाती आले जेमतेम 25 मिलिग्रॅम स्फटिक. रक्तातून ते सगळ्याच पेशींपर्यंत पोहोचतं, पण एक पेशी ते मिळताच फांद्या छाटते, दुसरी वाढवते, तिसरी मरते. कोणत्या पेशीने काय करायचं हे तिच्या जन्मापासूनच्या ओळखीवर ठरतं.

मेंदूचा हिशेब फळमाशीत नेमका मांडता येतो. 2023 मध्ये तिच्या अळीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला: 3,016 चेतापेशी आणि 5 लाख 48 हजार जोडण्या. पुढच्या वर्षी प्रौढ माशीचा आला: सुमारे 1 लाख 39 हजार पेशी आणि 5 कोटींहून अधिक जोडण्या. एवढ्या पेशी कोषात अचानक उपजत नाहीत. त्यांतल्या अनेक अळीच्या अंगातच जन्मलेल्या असतात आणि तरव्यातल्या भाताच्या रोपांसारख्या, अर्धवट वाढून, लावणीची वाट पाहत थांबलेल्या असतात.

मग अळी असताना शिकलेलं पतंगाला किंवा माशीला आठवतं का? मँड्युकाच्या अळ्यांना एका वासाबरोबर विजेचा सौम्य झटका देऊन तो वास टाळायला शिकवलं गेलं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, शेवटच्या अवस्थेत शिकलेल्या अळ्यांचे पतंगही तो वास टाळत होते. लहानपणी शिकलेल्या अळ्यांचे नाही. वास कोषाला चिकटून राहिला नाही ना, हेही तपासलं होतं. उलट फळमाशीत, वासाच्या आठवणी जिथे साठतात त्या भागातल्या एका प्रकारच्या पेशी कोषाच्या पहिल्या अठरा तासांत आपल्या फांद्या छाटतात आणि शेजारच्या आधारपेशी ते तुकडे गिळून टाकतात. ट्रुमन आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये तिथल्या पेशी एकेक करून तपासल्या. आठवण तग धरेल अशी जोडणी त्यांना सापडली नाही. मला यात विरोध वाटत नाही. पतंगाची अळी आठवडे जगते, माशीची काही दिवस. दोघींचे मेंदूही सारखे नाहीत. एकीचं उत्तर दुसरीला लावू नये.

आपल्याकडेही या विषयावर मोलाचं काम झालं आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकींनी फळमाशीच्या वासावरचं संशोधन रुजवलं आणि केनियात गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्स यांनी ते पुढे नेलं. के. विजयराघवन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पंख हलवणारे काही स्नायू अळीच्या उरलेल्या स्नायूंचाच साचा वापरून घडतात.

पण ट्रुमन यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. नाकतोड्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच छोटा नाकतोडा होऊन. त्याला कोष लागत नाही. कीटकांची जुनी रीत तीच. अळी नंतर आली. म्हणजे मूळ आराखडा प्रौढ कीटकाचा आणि अळीचा मेंदू हा त्यातल्याच काही पेशींना तात्पुरत्या दुसऱ्या कामाला लावून उभा केलेला. कोषात त्यातल्या बऱ्याच पेशी आपल्या जुन्या, ठरलेल्या जागी परततात.

कढीपत्त्यावर अंडी घालायला मादी आली, की थोडा वेळ थांबून बघा. ती पानावर बसून पुढच्या पायांनी झपझप ताल धरते. ती पान चाखत असते. अळी असताना तिने हीच चव तोंडाने घेतली होती. आता ती पायांनी घेते, कोषात नव्याने तयार झालेल्या पेशींनी. चव जुळली, की पोट वाकवून ती एक अंडं चिकटवते आणि पुढच्या पानावर जाते.