भिंत आधी, रंग नंतर

मागच्या दिवाळीत माझ्या हातून एक चूक झाली. इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड मिळाला होता आणि आईसाठी काहीतरी भारी घ्यायचं डोक्यात होतं. साडीतलं मला काही कळत नाही. म्हणून चेहऱ्याला लावायच्या दोन बाटल्या घेतल्या. एक रेटिनॉलची, दुसरी ग्लायकॉलिक ॲसिडची. दुकानातली मुलगी म्हणाली, "अँटी-एजिंग आहे, रिझल्ट लगेच दिसतो."

रिझल्ट खरंच लगेच दिसला! आठवड्याभरात आईचे गाल लालबुंद झाले, नाकाच्या कडेची कातडी सोलून निघाली, साधं पाणी लागलं तरी चरचरायचं. आणि मला हे कळलं कधी? तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर, तेही मावसबहिणीच्या फोनवरून. तोपर्यंत आई मला रोज सांगत होती, "छान आहे रे क्रीम, लावते मी." पोराने पहिल्या पैशातून आणलंय, म्हणून ती रोज रात्री डोळे मिटून जळजळ सहन करत होती.

त्यानंतर मी क्रीमच्या डब्या उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो. रूमवर पोरं खूप हसली. पण मित्रांनो, पन्नाशीची आई, मावशी किंवा काकू तुमच्याही घरी आहे. वय झालेल्या, नाजूक कातडीला काय चालतं आणि काय नाही, यामागचं शास्त्र आपल्या सिलॅबसच्या फार बाहेरचं नाही.

विटा आणि सिमेंट

सिव्हिलवाल्यांना हा भाग आवडेल. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कितीतरी पातळ. या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. मेलेल्या, चपट्या पेशी म्हणजे विटा. त्यांच्यामध्ये भरलेली चरबी म्हणजे सिमेंट. या सिमेंटमध्ये वजनाने साधारण निम्मं सिरॅमाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि बाकी बरंचसं फॅटी ॲसिड असतं. (हो, तेच कोलेस्टेरॉल. इथे मात्र ते हवं असतं!) भिंतीची कामं दोन : आतलं पाणी उडू द्यायचं नाही आणि बाहेरचं त्रासदायक काही आत येऊ द्यायचं नाही.

वय वाढतं तसं हे सिमेंट कमी होतं. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर तेलग्रंथींचं कामही मंदावतं. पेशी बदलण्याचा वेग उतरतो, त्यामुळे पडलेली भेग बुजायला जास्त दिवस लागतात. विसाव्या वर्षी तुम्ही-आम्ही जे सहज पचवतो, तेच पन्नाशीच्या चेहऱ्यावर भेगांमधून थेट आत जातं आणि चरचरतं.

दुसरी गोष्ट पीएचची. कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साधारण ४.५ ते ५.५. आपला नेहमीचा आंघोळीचा साबण असतो ९ ते १०. तरुण कातडी काही तासांत सावरते, वय झालेली उशिरा सावरते. म्हणजे आईचं रोज तीन वेळा साबणाने तोंड धुणं हाही भिंतीवर एक घावच होता.

माझं चुकलं कुठे?

रेटिनॉल वाईट नाही, हे आधी स्पष्ट करतो. ते अ जीवनसत्त्वाचं एक रूप आहे. कातडीत शिरल्यावर त्याचं दोन पायऱ्यांनी रेटिनॉइक ॲसिड होतं आणि ते पेशींना जोमाने कामाला लावतं. रेटिनॉइक ॲसिडचंच औषधी नाव ट्रेटिनॉइन. उन्हाने सुरकुतलेल्या चेहऱ्यावर त्याचा उपयोग होतो, हे अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. तेव्हापासून सुरकुत्यांच्या बाबतीत या घराण्याइतका पुरावा फार थोड्या गोष्टींकडे आहे. पण पहिले काही आठवडे लाली, कोरडेपणा आणि साल निघणं हे ठरलेलंच. (गरोदरपणात तर हे घराणं टाळायलाच सांगतात.)

ग्लायकॉलिक ॲसिड काय करतं? मेलेल्या पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतं, म्हणजे विटा सुट्या करतं. आता हिशोब बघा. साबणाने सिमेंट धुतलं, ॲसिडने विटा हलवल्या आणि रेटिनॉलने आतून घाई केली. तिन्ही एकाच आठवड्यात! कंपनीला काय दोष देणार? ओल धरलेल्या, भेगाळलेल्या भिंतीला कोणी थेट रंग देत नाही. आधी भिंत बुजवतात. मी नेमका उलट क्रम लावला होता.

सौम्य म्हणजे मिळमिळीत नव्हे

आम्हा केमिकलवाल्यांना फिकचा नियम पाठ असतो : पदार्थ किती वेगाने पसरतो ते डिफ्युजन कोइफिशंटवर ठरतं, आणि साधारणपणे रेणू जितका मोठा तितका तो हळू सरकतो. ग्लायकॉलिक ॲसिडचा रेणू या जातीत सर्वांत लहान, रेणुभार ७६. तो धाडकन आत जातो. लॅक्टिक ॲसिड ९०, मँडेलिक ॲसिड १५२, ग्लुकोनोलॅक्टोन १७८ आणि लॅक्टोबायोनिक ॲसिड ३५८. शेवटची दोन हळू शिरतात आणि वर पाणीही धरून ठेवतात, म्हणून नाजूक कातडीला सहसा जास्त मानवतात. फक्त रेणुभारावरच सगळं ठरतं असं नाही, बाटलीतलं प्रमाण आणि पीएचही बघावा लागतो. पण डबी हातात घेतल्यावर पहिला अंदाज बांधायला हे आकडे पुरतात.

क जीवनसत्त्वाचं तसंच आहे. शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड कातडीत शिरायला पीएच साडेतीनच्या खाली लागतो, म्हणून ते झोंबतं. त्याच्या ऐवजी सोडियम किंवा मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट जवळजवळ न्यूट्रल पीएचला चालतं. असर जरा मवाळ, पण रोज लावता येतं. आणि जी बाटली रोज लावता येत नाही, तिचा उपयोग शून्य!

माझा सर्वांत आवडता घटक मात्र नियासिनामाइड, म्हणजे ब३ जीवनसत्त्व. हे कातडीला स्वतःचं सिरॅमाइड बनवायला मदत करतं. बाहेरून रंग देण्याऐवजी गवंड्यालाच कामाला लावल्यासारखं. २ ते ५ टक्के पुरेसं आहे. बाजारात १० टक्क्यांच्या बाटल्याही मिळतात, पण जास्त टक्के म्हणजे जास्त मार्क असं इथे नसतं. काहींचा चेहरा त्याने उलट लाल होतो.

पुण्याची बावची

रेटिनॉलला सौम्य पर्याय म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं ते बाकुचिऑल. हे आपल्या बावचीच्या बियांमधून निघतं. आणि गंमत म्हणजे १९६६ मध्ये हा रेणू वेगळा काढून जगापुढे मांडला तो आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे एनसीएलमधल्या मेहता, नायक आणि सुख देव यांनी. पाषाण रोडवरून जाताना हे आठवून छाती फुगवायला हरकत नाही. बाकुचिऑलची रचना रेटिनॉलसारखी अजिबात नाही, पण कातडीवरचा परिणाम बराचसा तसा दिसतो. २०१९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत छापलेल्या एका चाचणीत ४४ जणांपैकी काहींनी ०.५ टक्के बाकुचिऑल आणि काहींनी ०.५ टक्के रेटिनॉल १२ आठवडे लावलं. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे कमी झाले आणि दोघांत ठळक फरक दिसला नाही. साल निघणं आणि झोंबणं मात्र रेटिनॉलवाल्यांना जास्त झालं. ४४ म्हणजे आमच्या वर्गापेक्षाही कमी माणसं, तेव्हा लगेच नाचायला नको. पण आशा वाटावी असं नक्कीच आहे.

हे सगळं मी आईला फोनवर उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "बावची ना? ती तर काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. दळून लावू का?"

माझ्या पोटात गोळाच आला. कारण बावचीच्या बियांत बाकुचिऑलबरोबर सोरॅलेनही असतं. सोरॅलेन लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, फोड येतात, काळे डाग पडतात. याच गुणामुळे वैद्य आणि डॉक्टर कोडावर ते मोजूनमापून, देखरेखीखाली वापरतात. क्रीमसाठी शुद्ध केलेलं बाकुचिऑल वेगळं, बावचीचं चूर्ण किंवा तेल वेगळं. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे वाक्य म्हणूनच मला आता आवडत नाही. लिंबाचंही तेच. त्याचा पीएच २ च्या आसपास, म्हणजे माझ्या त्या ग्लायकॉलिकच्या बाटलीपेक्षाही तिखट. त्यात खायचा सोडा मिसळणारे लोक तर एकाच वाटीत ॲसिड आणि बेसची प्रॅक्टिकल करतात, तीही चेहऱ्यावर!

मग आईने काय केलं?

पहिले चार आठवडे माझ्या दोन्ही बाटल्या बंद. साबण बंद, त्याऐवजी बिनवासाचा सौम्य फेसवॉश, तोही फक्त रात्री. तोंड धुतल्यावर कातडी ओलसर असतानाच सिरॅमाइड आणि ग्लिसरीन असलेलं साधं क्रीम. झोपताना नाकाच्या कडेला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. बास. चरचरणं थांबलं तेव्हा ४ टक्के नियासिनामाइड सुरू केलं, आधी एक दिवसाआड. सकाळी झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन, एसपीएफ ३०. हे महत्त्वाचं, कारण चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांचा मोठा वाटा उन्हाचा असतो. दोन महिन्यांनी बाकुचिऑल. नवीन काहीही आलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघायचं, आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची. लॅबमध्ये आपण एका वेळी एकच व्हेरिएबल बदलतो ना, तसंच.

हा लेख लिहितोय म्हटल्यावर आमच्या मेसच्या मावशी म्हणाल्या, "दादा, तुझं ते सिरॅमाइड आमच्या खिशाला नाही परवडायचं. भांडी घासून हात फाटलेत, त्याचं सांग." मावशी, तुमचा प्रश्न सर्वांत बरोबर आहे. मेडिकलमधून ग्लिसरीनची छोटी बाटली आणि पेट्रोलियम जेली घ्या. ग्लिसरीन नुसतं लावू नका, थोडं पाणी घालून ओल्या हातावर लावा आणि वरून जेली. ग्लिसरीन पाणी धरतं, जेली ते उडू देत नाही. भांडी घासताना रबरी हातमोजे. या दोन डब्यांचं काम महागड्या क्रीमच्या तुलनेत फार मागे नाही.

एक धोक्याची सूचना सगळ्यांनाच. "आठ दिवसांत गोरं करते" म्हणून मैत्रिणीने दिलेली मेडिकलची ट्यूब चेहऱ्याला लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा चकाकतो, मग कातडी पातळ होते आणि ट्यूब सोडली की आग होते. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती उगाच नाही. आणि लाली महिनाभर हटत नसेल, खाज किंवा पू असेल, तर माझा लेख बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

आईच्या सुरकुत्या गेल्या का? नाही. डोळ्यांजवळच्या थोड्या मऊ झाल्यात असं ती म्हणते, मला दिसत नाहीत. पण चेहरा शांत आहे, आणि पाणी लागलं की आता ती दचकत नाही. मला तेवढं पुरे आहे.

तुम्ही घरी कुणासाठी असं काही नेलं असेल, तर आज रात्री फोन करून विचारा, "चरचरतंय का?" उत्तर "नाही रे, छान आहे" असं आलं, तर आणखी एकदा विचारा.