फीचा आकडा आणि खरा खर्च

दोन वर्षांपूर्वी विज्ञानदिनानिमित्त तासगाव तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात बोलायला गेले होते. व्याख्यान संपल्यावर बारावीची एक मुलगी भेटायला आली. तिला जीवशास्त्रात संशोधन करायचे होते. एका नामवंत खाजगी विद्यापीठाचे माहितीपत्रक तिने कुठून तरी मिळवले होते. "मग प्रवेशपरीक्षा देणार ना?" मी विचारले. "नाही मॅडम. चार वर्षांच्या फीत आमची सगळी द्राक्षबाग जाईल," ती म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या सरांनी मान डोलावली. मीही गप्प राहिले.

काही महिन्यांनी चौकशी केली तेव्हा कळले, की तिच्या घरच्या उत्पन्नगटातील विद्यार्थ्यांची जवळजवळ सगळी फी ते विद्यापीठ माफ करते. तोपर्यंत अर्जाची मुदत केव्हाच संपून गेली होती.

तिला प्रवेश मिळालाच असता, असे कोणी सांगू शकणार नाही. पण तिने अर्जच केला नाही, आणि तो न करण्याचे कारण चुकीचे होते. ती, तिचे सर आणि मी, असे आम्ही तिघेही एकाच आकड्याला फसलो. छापील फी आणि एखाद्या कुटुंबाला प्रत्यक्षात पडणारा खर्च या दोन वेगळ्या राशी आहेत. त्यांच्यातील फरक कसा काढायचा, हे आपण या लेखात पाहू.

शिक्षणाचा खर्च कोण भरतो?

शिक्षकांचे पगार, इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांना पैसा लागतोच. विद्यार्थी कमी भरत असेल तर उरलेला भाग दुसरे कोणी तरी भरत असते. हा दुसरा म्हणजे सरकार, देणगीदार, जास्त फी भरणारे इतर विद्यार्थी किंवा त्याच विद्यार्थ्याची उद्याची कमाई, म्हणजे कर्ज. पाचवा मार्ग विद्यार्थ्याच्या श्रमाचा. सातारा-सांगलीच्या परिसराने यातील बहुतेक मार्ग जवळून पाहिले आहेत.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी स्थापन केली. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. भाऊरावांनी आरंभी शाळांऐवजी वसतिगृहे काढली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खेड्यातल्या मुलाला शिक्षणापासून अडवते ती केवळ शाळेची फी नव्हे, तर शहरातले राहणे आणि दोन वेळचे जेवण, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी खर्चाचा तोच भाग आधी हाती घेतला. मुलांनी घरून धान्य आणावे, स्वयंपाक आणि शेतीची कामे स्वतः करावीत, घराघरातून मूठमूठ धान्य 'मुष्टिफंडा'त जमावे, अशी ती व्यवस्था होती. सर्व जातींची मुले तिथे एकत्र राहत आणि एका पंक्तीला जेवत. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत निवासी विद्यालय सुरू झाले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा आणि शिका' ही योजना महाविद्यालयात पोचली. वाळवे तालुक्यातील ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील १९५०च्या दशकात तिथे या योजनेचे काम पाहत होते.

पुढे सरकारने आपला वाटा वाढवला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि पाटणचे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फी-सवलत आली. जुनी माणसे तिला आजही 'ईबीसी' म्हणूनच ओळखतात. त्यानंतर १९८३ साली सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या आणि मुलांना कर्नाटकात जाण्याची गरज कमी झाली. पण या महाविद्यालयांना सरकारी वेतन अनुदान नव्हते, त्यामुळे बहुतेक सारा खर्च फीवर आला. अभिमत आणि खाजगी विद्यापीठे ही त्यापुढची पायरी. सोनसळच्या पतंगराव कदमांनी १९६४ मध्ये स्थापलेल्या भारती विद्यापीठाला १९९६ मध्ये, तर कऱ्हाडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेला २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

थोडक्यात, आज आपल्या विद्यार्थ्यासमोर अनुदानित, विनाअनुदानित आणि खाजगी विद्यापीठ अशी तीन प्रकारची दारे आहेत. प्रत्येक दारावरचा आकडा वेगळा आहे, आणि दारामागची मदतही वेगळी आहे.

वजाबाकी नीट करा

खरा खर्च काढण्याचे सूत्र सोपे आहे. शिक्षण शुल्क, वसतिगृह, खानावळ, पुस्तके-साहित्य, प्रवास आणि अनामत यांची बेरीज करायची. त्यातून परत न करावी लागणारी मदत वजा करायची. उरते ती घरून द्यायची रक्कम.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'क' विद्यापीठाची वार्षिक फी ४ लाख रुपये आहे. कुटुंबाचे उत्पन्न पाहून ते ९० टक्के फी माफ करते, म्हणजे ४० हजार उरले. राहण्या-जेवणाचे १ लाख २० हजार, त्यातले निम्मे माफ, म्हणजे ६० हजार. पुस्तके आणि प्रवास २० हजार. एकूण १ लाख २० हजार. 'ख' या विनाअनुदानित महाविद्यालयाची फी १ लाख ३० हजार. सरकारी योजनेतून निम्मी फी मिळाली, ६५ हजार उरले. खोली आणि खानावळ ८० हजार, पुस्तके आणि प्रवास १५ हजार. एकूण १ लाख ६० हजार. 'ग' विद्यापीठाची फी ३ लाख, त्यावर '५० टक्के गुणवत्ता शिष्यवृत्ती', म्हणजे दीड लाख उरले. राहणे-जेवण १ लाख २० हजार आणि इतर २० हजार धरून एकूण २ लाख ९० हजार.

छापील फी सर्वांत मोठी असलेले 'क' इथे सर्वांत स्वस्त ठरले. उलट, शिष्यवृत्तीची मोठी जाहिरात करणारे 'ग' सर्वांत महाग पडले. प्रत्यक्षात नेहमी असेच घडेल असे नाही. पुष्कळ खाजगी विद्यापीठांत मदत फार थोड्यांना मिळते, आणि तिथे छापील आकडा हाच खरा आकडा असतो. आधी वजाबाकी करावी आणि मग निर्णय घ्यावा, एवढाच या उदाहरणाचा अर्थ आहे.

या वजाबाकीत एक चूक हमखास होते. कर्जाची रक्कम मदत म्हणून वजा केली जाते. समजा, चार वर्षे दरवर्षी आरंभी एक लाख रुपये कर्ज घेतले. व्याजदर १० टक्के आहे, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू होणार आहेत. तोवरचे सरळव्याज पहिल्या लाखावर ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३० आणि चौथ्यावर २० हजार होते. चार लाखांचे ५ लाख ४० हजार झाले. ते दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१०० रुपये येतो, आणि एकूण फेड साडेआठ लाखांवर जाते. कर्ज घेऊ नये, असे मी म्हणत नाही. अनेकांची आयुष्ये त्याने उभी राहिली आहेत. पण कर्ज म्हणजे खर्च पुढे ढकलणे. त्याने खर्च कमी होत नाही.

व्याजाचा भार हलका करणाऱ्या योजना मात्र आहेत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत राष्ट्रीय क्रमवारीत वर असलेल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्जाची सोय आहे. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलतही ठेवली आहे. मात्र तिच्या लाभार्थ्यांची संख्या मर्यादित आहे.

मदत कुठे, केव्हा आणि कोणत्या अटीवर?

मदतीची रक्कम समजली की तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, ही मदत या संस्थेला लागू आहे का? महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींसाठी महत्त्वाचा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ देण्याचे ठरले. पण खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली आहेत. एकाच शहरात, एकाच अभ्यासक्रमाला, एका दारातून गेलेल्या मुलीला लाभ मिळतो आणि शेजारच्या दारातून गेलेलीला मिळत नाही. प्रवेश घेतल्यावर हे कळून उपयोग नाही.

दुसरा प्रश्न, पैसा केव्हा मिळेल? शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा प्रवेशानंतर काही महिन्यांनी खात्यावर येते. प्रवेश मात्र पावसाळ्यात होतात. त्या वेळी आपल्याकडे पेरणीचा किंवा आडसाली उसाच्या लागणीचा खर्च चालू असतो, आणि कारखान्याचा नवा हंगाम सुरू व्हायला निदान तीन-चार महिने असतात. माण-खटाव, जत-आटपाडीकडे तर एखाद्या वर्षी पेरणीचाच भरवसा नसतो. कागदावर फी माफ असते, आणि तरी पहिला हप्ता भरायला घरात पैसा नसतो. म्हणून हप्ते पाडून मिळतील का, शिष्यवृत्तीला पात्र असणाऱ्याकडून आगाऊ फी घेतली जाते का, हे लेखी विचारून घ्यावे.

तिसरा प्रश्न, ही मदत टिकेल का? गुणवत्ता शिष्यवृत्तीला पुष्कळदा ठराविक श्रेणी राखण्याची अट असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिले सत्र इंग्रजीशी झगडण्यात जाते. श्रेणी घसरली की दुसऱ्या वर्षी मदत बंद होते, आणि तोवर परत फिरणेही अवघड झालेले असते. गरजेनुसार दिलेली मदत अधिक टिकाऊ असते, पण तिथेही दरवर्षी उत्पन्नाचा दाखला लागतो.

उत्पन्नमर्यादेतही एक गणिती दोष दडलेला आहे. मर्यादा ८ लाखांची असेल, तर ७ लाख ९९ हजारवाल्याला पूर्ण लाभ आणि ८ लाख १ हजारवाल्याला शून्य. आलेख काढला तर तो पायरीसारखा तुटतो. उत्पन्न वाढेल तशी मदत थोडी थोडी कमी करत नेली, तर हाच आलेख उताराचा होतो. गरजेनुसार मदत देणारी विद्यापीठे बहुधा असा उतार ठेवतात. म्हणून सरकारी योजनेच्या मर्यादेबाहेर गेलेल्या मुलानेही तिथे चौकशी करायला हरकत नाही.

खात्रीचे मोल

आता माहितीपत्रक मिटवून टाकणाऱ्या त्या मुलीकडे परत येऊ. तिच्यासारखी मुले अर्जच करत नाहीत, याचा अमेरिकेत प्रयोग करून अभ्यास झाला आहे. मिशिगन विद्यापीठात सुसान डायनार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यातील कमी उत्पन्नाच्या घरांतील हुशार विद्यार्थी निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांच्या शाळांचे दोन गट केले. एका गटातील विद्यार्थ्यांना पत्र गेले, 'तुम्हाला प्रवेश मिळाला, तर चार वर्षांची फी माफ. त्यासाठी वेगळे कागद भरावे लागणार नाहीत.' पालकांना आणि मुख्याध्यापकांनाही कळवले गेले. दुसऱ्या गटाला असे पत्र गेले नाही. पत्र न मिळालेल्यांपैकी २६ टक्के विद्यार्थ्यांनी अर्ज केला, तर पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले.

यातला मुख्य मुद्दा असा, की त्यांतील बहुतेकांना पत्राशिवायही जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. पत्राने पैसा फारसा वाढवला नाही, खात्री मात्र दिली. ज्या घरात एक चुकीचा निर्णय म्हणजे सावकाराचे किंवा सोसायटीचे कर्ज, तिथे 'कदाचित मिळेल' याचा अर्थ 'मिळणार नाही' असाच घेतला जातो. हा अडाणीपणा नव्हे, तो अनुभवातून आलेला हिशेब आहे. हार्वर्डने २०२५-२६ पासून वार्षिक उत्पन्न २ लाख डॉलरपर्यंत असलेल्या कुटुंबांना शिक्षण शुल्क माफ केले. तिथेही आकडा आधीच आणि स्पष्ट जाहीर करण्यावर भर आहे. भाऊरावांच्या वसतिगृहाची ताकद हीच होती. श्रमाची तयारी असेल तर जेवण आणि शिक्षण मिळेल, हे मूल घर सोडण्यापूर्वी त्याच्या बापाला ठाऊक असे.

शिक्षकांना काय करता येईल?

आपण शिक्षक विद्यापीठांचे नियम बदलू शकत नाही. पण खात्री देणारे ते पत्र आपल्या शाळेपुरते आपणच होऊ शकतो. त्यासाठी चार कामे सुचवते. अकरावीतच ज्यांना रस आहे अशा विद्यार्थ्यांकडून पाच-सहा संस्थांच्या मदतीच्या अटी मागवाव्यात. प्रवेशाची मुदत आणि मदतीच्या अर्जाची मुदत वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही फलकावर लिहाव्यात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते ही तयारी निकालाची वाट न पाहता करून घ्यावी. आणि पालकांशी बोलताना फीचा आकडा एकटा कधीही सांगू नये, त्याच्याशेजारी खऱ्या खर्चाचा आकडा मांडावा.

गणिताच्या तासाला हाच विषय घेता येईल. तीन खऱ्या संस्थांची माहिती जमवून वर दिलेल्या उदाहरणाप्रमाणे तक्ता करावा. कर्जाचे व्याज काढावे. पायरीचा आणि उताराचा, असे दोन आलेख काढावेत. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून तक्ता दरवर्षी नव्याने करावा लागेल. ते कामही नव्या वर्गालाच द्यावे.

ती मुलगी आता सांगलीत बी.एस्सी. करते आहे आणि चांगली शिकते आहे. पदव्युत्तर प्रवेशाला अजून अवकाश आहे. या वेळी मात्र तिच्या सरांनी तक्ता आतापासून करायला घेतला आहे, आणि त्यातल्या दोन ओळी भरण्याचे काम माझ्याकडे आले आहे.