एक गडी कमी आहे

‘एक गडी कमी आहे, येतोस का?’ ही हाक कुर्ल्याच्या वस्तीला नवी नाही. कबड्डीच्या संघाला सातवा हवा असे, कॅरमच्या पटावर चौथा हवा असे आणि गल्लीतल्या क्रिकेटला तर कितीही चालत. आज तीच हाक भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून दिली जाते. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’सारख्या खेळात चौघांची तुकडी लागते. तिघे जमले की चौथ्याचा शोध सुरू होतो. मित्राच्या मित्राला, वर्गातल्या मुलाला, कधी दूरच्या मावसभावाला निरोप जातो. घरातील वडीलधाऱ्यांना यात केवळ वेळेचा अपव्यय दिसतो. त्यांची चिंता निराधार नाही. परंतु या हाकेमागे कोणती गरज आहे, हेही एकदा शांतपणे पाहिले पाहिजे.

कुर्ल्यातील जुनी क्रीडामंडळे कामगारांच्या दिनक्रमावर उभी होती. जमशेटजी टाटा यांनी १८८६ साली घेतलेली स्वदेशी मिल आणि पुढे आलेला प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा मोटारींचा कारखाना यांच्या पाळ्यांनी या भागाचे घड्याळ चालत असे. पाळी एकाच वेळी सुटे, माणसे एकाच वेळी घरी येत आणि मुलेही त्याच सुमारास अंगणात उतरत. गिरणी २०००च्या सुमारास बंद पडली. मोटारींच्या कारखान्याच्या जमिनीवर आता नवी वसाहत उभी आहे. त्या कामगारांच्या मुला-नातवंडांपैकी कोणी वांद्रे-कुर्ला संकुलात रात्रपाळीला जातो, कोणी घरोघर पार्सले पोहोचवतो, कोणी सकाळी महाविद्यालय आणि संध्याकाळी शिकवणी करतो. अशा चौघांना एका वेळी एका मैदानावर आणणे दुरापास्त झाले आहे. शिवाय मैदान तरी कोठे शिल्लक आहे? रात्री दहा वाजता चौघे चार ठिकाणी बसून तासभर एकत्र खेळू शकतात, ही सोय त्यांनी चैन म्हणून शोधलेली नाही. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि जे साधन हाती आले, त्याचा त्यांनी उपयोग करून घेतला.

मात्र गडी कशासाठी जमवायचे, यावर संघाचे स्वरूप ठरते. एका प्रकारच्या संघात प्रवेशासाठी आधी आकडे मागितले जातात: तुझी श्रेणी कोणती, एकदा मरण्यापूर्वी सरासरी किती प्रतिस्पर्धी टिपतोस, रोज किती तास देशील? जो कमी पडेल त्याला दुसऱ्याच दिवशी वगळले जाते. दुसऱ्या प्रकारचा संघ यापैकी काहीच विचारीत नाही. जमेल तेव्हा ये, शिवीगाळ करू नकोस, हरलो तर कोणावर खापर फोडायचे नाही, एवढ्याच त्याच्या अटी असतात. पहिल्या प्रकाराला व्यवसायाचे स्वरूप येत आहे आणि गुणी खेळाडूंसाठी तो मार्ग मोकळा असावा, यात शंका नाही. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-क्रीडा प्रात्यक्षिक म्हणून आली, तेव्हा भारताच्या तीर्थ मेहता यांनी कांस्यपदक मिळवले होते. २०२३ साली झालेल्या हांगझोऊ स्पर्धेत तिला पदकांच्या यादीत स्थान मिळाले. कबड्डीचा प्रवासही असाच झाला होता: १९८२ साली दिल्लीत प्रात्यक्षिक आणि १९९० साली बीजिंगमध्ये पदक. परंतु कबड्डी खेळलेल्या लक्षावधी मुलांपैकी बीजिंगला गेले ते मूठभर. उरलेल्यांना त्या खेळाने जे दिले, ते पदकाहून कमी मोलाचे नव्हते.

कबड्डीच्या जुन्या प्रकारांकडे पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. अमर, गामिनी आणि संजीवनी असे तीन प्रकार पूर्वी खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर बसे. संजीवनीत सोबत्यांनी प्रतिपक्षाचा गडी मारला की आपला बाद गडी पुन्हा आत येई. पुढे नियमबद्ध झालेल्या कबड्डीने संजीवनीचेच तत्त्व स्वीकारले. पडद्यावरील चौघांच्या खेळातही तीच योजना आहे. घायाळ होऊन पडलेल्या सोबत्याजवळ जाऊन काही क्षण थांबले, तर तो पुन्हा उभा राहतो. मात्र थांबणाऱ्याला त्या वेळी स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागतो. आकड्यांच्या मागे लागलेला खेळाडू त्याला तिथेच टाकून पुढे जातो, मैत्रीचा संघ थांबतो. दहावीत नापास झालेल्या, नोकरी सुटलेल्या किंवा नव्यानेच मुंबईत आलेल्या मुलाला दिवसभरात कोणीतरी आपल्यासाठी थांबले, हा अनुभव मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

याची दुसरी बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि २०२२पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश आहे. त्याची लक्षणे शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम देणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, तेही सामान्यतः वर्षभर. म्हणजे रोज तासभर खेळणारा प्रत्येक विद्यार्थी रुग्ण ठरत नाही, तसेच अभ्यास, झोप आणि जेवण सोडणाऱ्याकडे ‘वय आहे’ म्हणून दुर्लक्षही करता येत नाही. पैशांचा प्रश्न याहून गंभीर आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-क्रीडा व मनोरंजनाचे खेळ त्यांपासून वेगळे काढले. पालकांनीही हाच भेद मनात पक्का करावा. नुसत्या बंदीने प्रश्न सुटत नाही, हे तर दिसून आले आहेच: ‘पबजी’वर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली आणि वर्षभराच्या आत तो खेळ नव्या नावाने परतला.

तेव्हा गडी जमवणाऱ्या तरुणांनीच काही पथ्ये पाळणे हिताचे. पैशांचा व्यवहार संघात येऊ देऊ नये. खेळाची वेळ आधी ठरवावी आणि ती संपली की सर्वांनी एकदमच उठावे. एकट्याला उठणे जड जाते, चौघांना तेवढे जात नाही. परीक्षा असलेल्या सोबत्याला बोलावू नये आणि त्याची जागा मात्र राखून ठेवावी. अनोळखी माणसाला घेताना घरचा पत्ता किंवा छायाचित्रे देऊ नयेत. शाळकरी मुलांनी ओळखीच्यांबरोबरच खेळावे. मुलींना आवाज बंद ठेवून किंवा पुरुषी नाव घेऊन खेळावे लागते, ही तक्रार नेहमीची आहे. ज्या संघात मुलगी स्वतःच्या नावाने निर्धास्तपणे बोलू शकते, तोच संघ मैत्रीचा म्हणवून घेण्यास पात्र आहे. आणि महिन्यातून एकदा तरी या चौघांनी चहाच्या टपरीवर प्रत्यक्ष भेटावे.

मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती अशा कितीतरी भाषा बोलणाऱ्या कुर्ल्यात रुळांच्या अलीकडचा आणि पलीकडचा मुलगा सहसा एकमेकांच्या घरी जात नाहीत. पडद्यावर ते एका तुकडीत येतात आणि एकमेकांना सावध करण्यासाठी मिळतील ते शब्द वापरतात. ही ओळख पातळ असेल, पण ती घट्ट करणे अशक्य नाही. शिक्षकांनी वर्गात ‘कोण खेळतो?’ असे दरडावून विचारण्याऐवजी ‘कोणाबरोबर खेळतोस?’ असे विचारले, तर बरेच काही कळेल. जो मुलगा चार नावे आनंदाने सांगतो, त्याची फारशी काळजी करण्याचे कारण नाही. ज्याला एकही नाव सांगता येत नाही, त्याच्याकडे मात्र लक्ष द्यावे. कोणत्या तरी संघाने त्याला हाक मारण्याची गरज आहे.