भिंगाचे दोष

वाचण्याचें साधें भिंग घेऊन खिडकीसमोरील भिंतीशीं उभें राहावें, म्हणजे खिडकीचें उलटें चित्र भिंतीवर उमटतें. मधला गज स्पष्ट दिसतो. कडेचे मात्र पुसट व रंगीत झालरीचे. भिंग किंचित् भिंतीकडे नेलें कीं कडा सुधारतात आणि मध्य बिघडतो. कारण भिंगाचें चित्र सपाट नसून वाटीसारखें वांकलेलें असतें. मधोमध भोंक पाडलेला काळा कागद भिंगावर लावल्यास चित्र रेखीव होतें, परंतु अंधुक. उजेड आणि रेखीवपणा यांचें हें जुनें वैर आहे.

१८३९ सालीं पॅरिस येथें दागेर यांची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली, तेव्हां ह्या वैराची झळ माणसांस लागली. तत्कालीन भिंगांतून इतका थोडा उजेड येई कीं, चेहरा उमटण्यास कित्येक मिनिटें लागत. डोकें हलूं नये म्हणून मागें लोखंडी आधार लावीत! व्हिएन्नाच्या विद्यापीठांतील गणिताचे अध्यापक पेट्झव्हाल यांनीं १८४० त चार कांचांचें भिंग गणितानें सिद्ध केलें. आंकडेमोडीस तोफखान्यांतील शिपाई मिळाले होते. उजेड पंधरापटींहून अधिक वाढला. कडा पुसटच राहिल्या. पण चेहरा मध्यभागीं असतो, तेव्हां ही तडजोड शहाणपणाची होती, असें आम्हांस वाटतें. समूहचित्रासाठीं मात्र जुने छायाचित्रकार रांग धनुष्याकृति बसवून टोकांचीं माणसें पुढें घेत. त्याचें मूळ ह्याच वांकांत आहे.

सपाट चित्राची उत्तम युक्ति यॉर्क येथील डेनिस टेलर यांनीं १८९३ सालीं काढली. बहिर्गोल भिंग किरण एकत्र आणतें व चित्र वांकवितें. अंतर्गोल याच्या उलट करतें. सारख्या शक्तीचीं दोन्ही चिकटविलीं, तर वांक जातो, पण किरण जुळविण्याची शक्तीहि जाते. टेलर यांनीं त्यांत अंतर ठेविलें. बहिर्गोलांतून निघालेले किरण आकुंचित होऊन अंतर्गोलाच्या मध्याजवळ पडतात, व तेथें तें त्यांस थोडेंच फांकवितें. वांक मात्र पुरता खोडला जातो, कारण तो भिंगांमधील अंतरावर अवलंबून नसतो. दोन बहिर्गोलांमध्यें एक अंतर्गोल, इतकीच ही रचना. मधलें फ्लिंट कांचेचें असल्यानें रंगीत झालरहि आवरते. टेलर यांच्या पेढीचा धंदा दुर्बिणींचा. म्हणून हें भिंग लेस्टरच्या दुसऱ्याच टेलर बंधूंच्या कारखान्यांत तयार झालें. नामसाम्य निव्वळ योगायोगाचें.

आतां संगणक हजारों किरणांचे मार्ग क्षणांत काढतो. तरी मध्यास किती महत्त्व व कडेस किती, हें त्यास आधीं आंकड्यांनीं सांगावें लागतें; चेहऱ्याच्या भिंगासाठीं एक आंकडा, नकाशाच्या भिंगासाठीं दुसरा.