ऑर्गनचे लोखंड, गिटारचा आवाज

ऑर्गन म्हटले की मराठी वाचकाला संगीत नाटक आठवते. बालगंधर्वांच्या पदांना साथ करणारा तो ऑर्गन भात्याचा होता. पायाने हवा भरायची आणि आत धातूच्या पट्ट्या बोलायच्या. त्याला विजेची तार नव्हती, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरही नव्हता. इथे विषय आहे तो दुसऱ्या ऑर्गनचा. विजेची घड्याळे बनवणाऱ्या लॉरेन्स हॅमंड यांनी 1935 मध्ये अमेरिकेत तो बाजारात आणला. त्यात दातेरी पोलादी चकत्या चुंबकासमोर फिरतात, चुंबकाभोवतीच्या तारेत सूक्ष्म वीज उपजते आणि व्हॉल्व्हच्या साहाय्याने ती कर्ण्याला पेलेल इतकी मोठी केली जाते. तारा तुटल्या की ऑर्गन भंगारात जातो. आतले लोखंड मात्र पन्नास-साठ वर्षांनंतरही धडधाकट असते.

हॅमंडच्या एम-3 या घरगुती ऑर्गनमध्ये 6व्ही6 जातीच्या व्हॉल्व्हची जोडी असे. फेंडर कंपनीच्या डिलक्स या गिटार अँप्लिफायरमध्येही तीच जोडी आहे. म्हणून ऑर्गनच्या सुट्या भागांतून गिटारचा अँप्लिफायर बांधण्याची खटपट जगभर चालते. चालू ऑर्गन त्यासाठी फोडणे मला पाप वाटते; मेलेला असेल तरच हात लावावा.

ट्रान्सफॉर्मर दोन असतात आणि त्यांची योग्यता सारखी नसते. दातिवऱ्याला अशा भंगारावर काम करताना मी आउटपुट ट्रान्सफॉर्मर नेहमी ठेवतो. पॉवर ट्रान्सफॉर्मर बहुधा बाजूला काढतो.

आधी आउटपुटचे पाहू. व्हॉल्व्हमध्ये दाब भरपूर, प्रवाह थोडा. कर्ण्याला उलटे हवे असते. 6व्ही6च्या जोडीला समोर 8000 ते 10000 ओहमचा भार लागतो आणि कर्णा असतो 8 ओहमचा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर या दोघांमधला दुभाषी. वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने भार बदलतो. 8000 भागिले 8 म्हणजे 1000, त्याचे वर्गमूळ सुमारे 31.6. कर्ण्याकडच्या एका वेढ्यामागे व्हॉल्व्हकडे जवळजवळ बत्तीस वेढे. अनोळखी ट्रान्सफॉर्मर तपासायचा तर कर्ण्याच्या बाजूला 1 व्होल्ट एसी द्यावा आणि दुसऱ्या बाजूला मोजावा. 31-32 व्होल्ट आले तर काम झाले. उत्साहाच्या भरात 6.3 व्होल्ट दिले तर पलीकडे 200 व्होल्ट उभे राहतात, हे विसरू नये.

हे दोन व्हॉल्व्ह दोघांनी ओढायच्या करवतीसारखे आळीपाळीने काम करतात. दोघांचे स्थिर प्रवाह गाभ्यात एकमेकांना छेद देतात, म्हणून लोखंड आधीच भरून जात नाही. आणि ऑर्गनच्या बाबतीत लोखंड मुळातच सढळ हाताने घातलेले असते. सूर जितका खालचा तितका गाभा मोठा लागतो. हॅमंडच्या मोठ्या ऑर्गनचा पायपट्टीवरचा सर्वांत खालचा सूर सुमारे 33 हर्ट्झचा, तर गिटारची जाडी तार 82 हर्ट्झची. खर्जासाठी घडवलेल्या लोखंडाला गिटार जड जात नाही.

पॉवर ट्रान्सफॉर्मरची गोष्ट वेगळी. तो अमेरिकेतल्या 117 व्होल्ट, 60 हर्ट्झसाठी गुंडाळलेला. आपली वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. (हाच ऑर्गन अखंड असताना आपल्या विजेवर लावला तर त्याची मोटर सहाऐवजी पाचच्या हिशेबाने फिरेल. पांढरी एक दाबली तर खालच्या सप्तकातल्या पांढरी सहाच्याही किंचित खालचा सूर येईल. युरोपसाठी हॅमंडला दातेरी चाकेच बदलावी लागली.) 230चे 117 करून देणारा स्टेपडाउन लावला की भागले, असे अनेकांना वाटते. दाब जुळतो, वारंवारता जुळत नाही. प्रत्येक आवर्तन लांबते, गाभ्यातले चुंबकत्व वीस टक्क्यांनी वाढते, लोखंड तापते आणि घुमते. ते टाळायला दाब 97-98 व्होल्टवर आणला तर व्हॉल्व्हच्या फिलामेंटला 6.3ऐवजी सव्वापाच व्होल्ट मिळतात आणि तो अर्धवट तापून लवकर निकामी होतो. एक झाकावे तर दुसरे उघडे पडते.

त्यापेक्षा लॅमिंग्टन रोडच्या परिसरात गुंडाळून घेतलेला नवा ट्रान्सफॉर्मर परवडतो. वाइंडिंगवाल्याला कागदावर लिहून द्यावे: प्राथमिक 230, 50 हर्ट्झ, दुय्यम 280-0-280, 100 मिलिअँपिअर, 6.3 व्होल्ट, 3 अँपिअर. रेक्टिफायर व्हॉल्व्हसाठी 5 व्होल्ट, 2 अँपिअर.

अशाच मिळेल त्या लोखंडातून एक मोठे नाव जन्मले. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॅनवेल भागातील जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडरच्या बेसमन अँप्लिफायरची नक्कल झाली. अमेरिकी भाग महाग, म्हणून इंग्लंडमध्ये सहज मिळणारे ट्रान्सफॉर्मर आणि पुढे व्हॉल्व्हही वापरले गेले. आराखडा जवळपास तोच. आवाज इंग्रजी झाला.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे. वैतरणेच्या मुखाची खारी, ओली हवा वेढ्यांमधल्या कागदात मुरते. पावसाळ्यात आणलेला ट्रान्सफॉर्मर लगेच जोडू नये. पत्र्याच्या डब्यात पिवळ्या 60 वॅटच्या बल्बशेजारी तो दोन-तीन दिवस ठेवावा, मग मेगरने वेढे आणि गाभा यांच्यातला रोध मोजावा. पहिल्यांदा वीज देताना वायरमन वापरतात तो सिरीज बल्ब लावावा. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जायला हरकत नाही.

आणि बटण बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये 300 व्होल्ट टिकून राहतात. 40 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर 220 किलोओहम, 2 वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडला तर पाऊण मिनिटात ते दोन-तीन व्होल्टवर येतात. तरीही मीटर लावून पाहिल्याशिवाय आत बोट घालू नये, आणि दुसरा हात खिशात ठेवावा.