कुकरचे हँडल हलतेय? गोंद लावण्याआधी हे समजून घ्या

जालना : वरणाच्या कुकरची शेवटची शिट्टी होते, गॅस बंद होतो. कुकर ओट्यावर घ्यायला हात पुढे जातो आणि हँडल हातातच हलते. बहुतेक घरांत यावरचा उपाय ठरलेला असतो. कपाटातला दोन ट्यूबचा गोंद काढायचा, नाहीतर एम-सील मळून लावायचे. आता तर ‘उष्णतारोधक’ असे लिहिलेला गोंदही मोबाइलवरून मागवता येतो. पण असा गोंद भरलेल्या गरम भांड्याचे ओझे पेलू शकतो का? याचे उत्तर हँडल कुठून सुटले आहे, यावर ठरते.

हँडल ढिले का होते?

कुकर आणि कढईच्या काळ्या मुठी बहुतेक वेळा बेकेलाइटच्या असतात. लिओ बेकलँड या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये तयार केलेले हे प्लास्टिक उष्णतेने वितळत नाही. मात्र सतत ज्वाला लागली तर ते करपते, ठिसूळ होते आणि त्याला तडे जातात.

दुसरे कारण प्रसरणाचे. २० सेंटिमीटर व्यासाचे ॲल्युमिनियमचे भांडे ३० अंशांवरून १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्याचा व्यास सुमारे ०.४ मिलिमीटरने वाढतो. त्यात बसवलेला लोखंडी स्क्रू मात्र त्या प्रमाणात साधारण निम्माच वाढतो. रोज दोन-तीन वेळा तापणे आणि निवणे सुरू असते. त्यातून स्क्रूची पकड हळूहळू कमी होते.

गोंद कुठे कमी पडतो?

प्रत्येक गोंदाला एक तापमानमर्यादा असते. त्यापुढे तो वितळला नाही तरी मऊ पडतो. घरात वापरला जाणारा साधा दोन ट्यूबचा इपॉक्सी गोंद ६० ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची मर्यादाही साधारण ८० अंशांपर्यंतच असते.

आता स्वयंपाकघरातले आकडे पाहा. उकळते पाणी १०० अंशांच्या आसपास, शिट्टीवर आलेला कुकर सुमारे १२० अंश आणि तळणाचे तेल १७० ते १९० अंश. म्हणजे साधा गोंद पहिल्याच स्वयंपाकात कमकुवत होतो. थंड असताना तो पुन्हा घट्ट वाटतो आणि इथेच फसगत होते. सकाळी ओढून पाहिलेले हँडल दुपारी गरम भांड्यासह सुटू शकते.

खास उष्णतारोधक इपॉक्सी १५० अंशांच्या पुढेही टिकतो. इंजिनच्या कामात वापरला जाणारा लाल सिलिकॉन २०० अंशांच्या वर तग धरतो. पण सिलिकॉन रबरासारखा लवचीक असतो. तो फट भरतो, वजन उचलण्यासाठी मात्र तो नसतो.

जोडावर ओढ किती येते?

२० सेंटिमीटर व्यासाचे, ३ किलो वजनाचे भरलेले भांडे एका हाताने उचलले, असे समजा. वजनाचा मध्य हँडलच्या जोडापासून १० सेंटिमीटर लांब आहे. जोडाची उंची ३ सेंटिमीटर असेल, तर त्याच्या वरच्या टोकाला सुमारे १० किलोची ओढ बसते. ही ओढ जोड सोलून काढल्यासारखी, वरून उघडत नेते. इपॉक्सी दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकू देत नाही. पण अशा सोलून काढणाऱ्या ओढीपुढे तो कमजोर ठरतो. म्हणून नियम एकच : ओझे धातूने पेलायचे, गोंदाने फक्त हलणे थांबवायचे.

मग गोंद कुठे चालतो?

झाकणावरची छोटी मूठ, कारण तिच्यावर फक्त झाकणाचे वजन येते. तसेच लोखंडी दांड्यावर चढवलेले लाकडी किंवा बेकेलाइटचे आवरण गोल फिरत असेल, तर तिथेही उष्णतारोधक इपॉक्सी चालतो. तिथे वजन आतला दांडा पेलतो. स्क्रू वारंवार ढिला होत असेल तर त्याच्या आट्यांना थ्रेडलॉकर नावाचे द्रव लावता येते. मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर साधारण १५० अंशांपर्यंत काम करते.

गोंद लावण्यापूर्वी तेलाचा थर साबणाने काढा, भांडे पूर्ण कोरडे करा आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करा. दोन भाग पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच मिसळा. त्यानंतर पाकिटावर सांगितलेला वेळ, साधारण २४ तास, ते भांडे ना तापवायचे ना उचलायचे. भांड्याच्या आतल्या बाजूला, अन्नाला लागेल तिथे गोंद कधीच लावू नका.

कुठे अजिबात नको?

प्रेशर कुकरच्या लांब हँडलला गोंद नको. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये वरचे आणि खालचे हँडल एका रेषेत आले की झाकण बसले, असे आपण समजतो. हँडलच हलत असेल तर हा अंदाज चुकू शकतो. घरगुती प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७ हे भारतीय मानक आहे आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून कुकरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्यामुळे हँडल बदलताना त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे आणि तेवढ्याच लिटरच्या कुकरचे घ्या. कुकरला नवे भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे टाळा.

कढईचे कान रिव्हेटवर ढिले झाले असतील तर भांडी दुरुस्त करणारा कारागीर ते ठोकून घट्ट करतो किंवा नवे रिव्हेट बसवतो. स्टीलच्या पातेल्याची डाग दिलेली पट्टी सुटली असेल तर अर्गॉन वेल्डिंग करणाऱ्याला दाखवा. सळ्यांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात वेल्डिंगची कामे करणारे आहेत. पण पातळ पत्र्याचे काम करतो का, हे आधी विचारा.

चुलीवरच्या भांड्यांचे काय?

जिल्ह्याच्या ग्रामीण भागात पऱ्हाट्या-तुराट्यांवर आजही चूल पेटते. त्यांची ज्वाला भांड्याच्या कडेने वर येते आणि थेट हँडलला लागते. अशा वेळी बेकेलाइटही टिकत नाही, मग गोंद तर दूरच. चुलीसाठी धातूच्या कानांचे भांडे आणि सांडशी हीच जोडी बरी. गॅसवरही ज्वाला भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक मोठ्या पातेल्यात शिजतो, तेव्हा पातेले चढवण्याआधी दोन्ही कान तपासून घ्या.

महिन्यातून एकदा एवढे करा

• भांडे थंड असताना हँडल वर-खाली हलवून पाहा.
• स्क्रू पेचकसने आवळा, पण जास्त जोर नको. बेकेलाइटला तडा जातो.
• आवळूनही ढिला होत असेल तर स्प्रिंग वॉशर घाला किंवा स्क्रू बदला.
• तडा गेलेले, करपलेले हँडल चिकटवू नका, बदला.
• हलणाऱ्या हँडलचे भांडे दुरुस्त होईपर्यंत भरून उचलू नका.

तरीही गरम वरण किंवा तेल अंगावर सांडलेच, तर भाजलेल्या जागेवर २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका. भाजलेला भाग मोठा असेल, चेहऱ्यावर असेल किंवा भाजलेले मूल लहान असेल, तर लगेच दवाखाना गाठा.