बीएस-६ गाडीत जुनंच ऑइल टाकताय? काजळी जळून जाते, राख मात्र फिल्टरमध्येच बसते

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल पिकअप आणि जीपमध्ये धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो चोक झाला की गाडी ओढत नाही, डिझेल जास्त खाते. नवा फिल्टर चांगलाच महाग पडतो. पण तो किती वर्षं टिकणार, हे बऱ्याच अंशी तुम्ही टाकलेल्या ऑइलवर ठरतं.

काजळी वेगळी, राख वेगळी

काजळी म्हणजे नीट न जळालेल्या डिझेलचा कार्बन. फिल्टरमध्ये ती साठली की गाडी स्वतःच जादा डिझेल वापरून फिल्टर साधारण ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात.

राख येते ती मुख्यतः इंजिन ऑइलमधून. इंजिन आतून स्वच्छ राहावं म्हणून ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि झीज कमी व्हावी म्हणून जस्त, फॉस्फरस असलेली रसायनं घातलेली असतात. ती गरजेचीच आहेत. पण प्रत्येक इंजिन थोडं ऑइल जाळतंच. चुलीत लाकूड जळून राख उरते, तशी या रसायनांची राख उरते. ती कितीही तापवली तरी जळत नाही.

जुनं ऑइल का नको?

बीएस-४ डिझेलमध्ये गंधक ५० पीपीएमपर्यंत चालायचं, बीएस-६ मध्ये मर्यादा १० पीपीएम आहे. गंधकामुळे ऑइलमध्ये आम्ल तयार होतं. ते मारायला जुन्या ऑइलमध्ये ही रसायनं जास्त असायची. आता तेवढी गरज राहिली नाही.

हिशोब सोपा आहे. १ लिटर ऑइलचं वजन साधारण ८५० ग्रॅम. राखेचं प्रमाण १.५ टक्के असेल तर ते जळाल्यावर सुमारे १३ ग्रॅम राख होते, ०.८ टक्के असेल तर सुमारे ७ ग्रॅम. म्हणजे जवळपास निम्मीच.

काय काळजी घ्याल?

- गाडीच्या पुस्तकात जे ऑइल सांगितलंय, तेच घ्या. डब्यावरचा '१५डब्ल्यू-४०' हा आकडा फक्त जाडपणा सांगतो, राख नाही.
- डब्यावर एपीआय सीके-४ असेल तर राख जास्तीत जास्त १ टक्का. एसीईए सी२ किंवा सी३ असेल तर ०.८ टक्के. यातलं कोणतं, ते पुस्तकच सांगेल.
- 'इंजिन ताकदवान होतं' म्हणून दुकानात मिळणारी जादा बाटली ऑइलमध्ये ओतू नका. त्यात जस्त किंवा कॅल्शियम असेल तर राख वाढणारच.
- ऑइल वारंवार कमी होत असेल तर नुसतं टॉपअप करत राहू नका. टर्बो, रिंगा तपासून घ्या.
- गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारल्या की रीजनरेशन अर्धवट राहतं. जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. असं दिसलं तर ऑइल बदलून घ्या.
- डीपीएफचा दिवा लागला तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडी मोठ्या रस्त्यावर सलग चालवा. तरीही दिवा गेला नाही तर वर्कशॉप गाठा.

डीपीएफ नसलेल्या जुन्या ट्रॅक्टर, जीपला हा राखेचा प्रश्न नाही. घरात जुनी आणि नवी अशा दोन्ही गाड्या असतील तर दोन्हींचे डबे वेगळे ठेवा आणि डब्यावर गाडीचा नंबर लिहून ठेवा.